कौतुकरावांची तक्रार

कॉलेजच्या फाटकासमोर जिन्याखाली एक खोली आहे. दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं श्वास बाहेरूनच घेऊन यावा, एवढीच. तिथं एक टेबल, एक म्हातारा कॉम्प्युटर, कागद ओढताना खोकणारा प्रिंटर, आणि या सगळ्यात पाचर ठोकल्यासारखे बसलेले कौतुकराव. सत्तावीस वर्षं ते तिथं बसून दुसऱ्यांच्या पोरांची स्तुती टाइप करत आले. कीबोर्डावरची अक्षरं झिजून पार गुळगुळीत झाली होती. नवखा माणूस म्हणायचा, कोरी बटणं आहेत. कौतुकरावांची बोटं मात्र, अंधारातही घरच्या न्हाणीचं दार सापडावं तशी नेमक्या जागी पडायची.

खरं नाव त्यांचं वेगळं होतं, पण ते बायकोलाही जरा आठवून सांगावं लागायचं.

परदेशात पुढचं शिकायला जायचं तर प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं. प्राध्यापकानं पोराला ओळखावं, त्याच्याविषयी चार घटका विचार करावा आणि मग आपल्या हातानं दोन ओळी लिहाव्यात, असं तिकडच्या लोकांना वाटतं. भोळी माणसं! इथली रीत निराळी. पोरगं विभागप्रमुखांकडे जायचं. त्यांना सगळे हेडसर म्हणत. हेडसर टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत असल्यासारखे मान खाली घालून डुलक्या काढायचे. मान वर न करता म्हणायचे, "लिहून आण, सही करतो." मग पोरगं जिने उतरून, रस्ता ओलांडून कौतुकरावांच्या पुढ्यात उभं राहायचं.

"कुठलं?" कौतुकराव विचारायचे.

कुठलं म्हणजे कुठल्या प्रतीचं. त्यांच्याकडे स्तुतीच्या तीन प्रती तयार असत. पहिल्या प्रतीत पोरगं कष्टाळू, नम्र आणि वेळेवर येणारं असायचं. दुसरीत ते कुशाग्र बुद्धीचं व्हायचं आणि त्याला नेतृत्वगुण फुटायचे. तिसरीत मात्र हेडसर गहिवरून म्हणायचे, "माझ्या एकतीस वर्षांच्या सेवेत असा विद्यार्थी मी पाहिला नाही." पहिली प्रत मागणारं शेवटचं पोरगं कोण, हे कौतुकरावांना आठवत नव्हतं. ते प्रामाणिक असावं, कारण पुढं त्याचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही.

शेजारी शिंप्याचं दुकान होतं. तो दाताखाली दोरा धरूनही टोमणा मारू शकायचा. "कौतुकराव, मी माप घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तुम्ही बरे, साऱ्या गावाला एकाच मापाचा कोट चढवता!"

"कोट चढतो ना अंगावर? मग झालं तर. आत कोण आहे ते तिकडचे बघतील."

"आणि तिकडच्यांनी सगळे कोट एका ओळीत टांगून बघितले तर?"

"ते काय शिंपी आहेत?"

आता एवढी कौतुकाची गिरणी ज्याच्या हाताखाली, त्याच्या घरी पोती भरून कौतुक सांडलेलं असेल असं कुणालाही वाटेल. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. या माणसाच्या तोंडून जन्मात कुणाविषयी बरा शब्द निघाला नाही. बायकोच्या हातचं जेवण चांगलं झालं की ते गप्प बसून जेवायचे आणि बिघडलं की बोलायचे. त्यामुळे घरात शांतता असली की बायको समजायची, आज मीठ बरोबर पडलं. लेक शाळेत पहिली आली तेव्हा त्यांनी गुणपत्रक घेतलं, उलटं करून मागं काही लिहिलंय का बघितलं, आणि परत दिलं.

"अहो, जगाच्या पोरांना मोरपिसं खोचता. घरच्या पोरीला निदान 'बरं केलंस' तरी म्हणा की," बायको म्हणाली.

"घरात कशाला? घरात सही करायला हेडसर आहेत का?"

ही लेक एकुलती एक. बापासारखीच हट्टी, आईसारखी काटक, आणि या दोघांत नसलेला एक गुण तिच्या अंगात होता. ती कशाचीही घाई करत नसे. लहानपणी तिला दुकानात बसवलं की ती तासन् तास एका मुंगीकडं बघत बसायची. कॉलेजात तिनं वनस्पतींचा विषय घेतला आणि वनस्पतींतही काय निवडावं? शेवाळ! दुकानाच्या मागं एक भिंत आहे. वरच्या टाकीचं पाणी वाहून तिच्यावर बारा महिने ओल असते. त्या भिंतीवर पोरीनं खडूनं वितीवितीच्या बारा चौकटी आखल्या. दर रविवारी सकाळी स्टूल घेऊन बसायची, भिंग लावून कुठल्या चौकटीत शेवाळाची किती बेटं झाली ते मोजायची आणि वहीत लिहायची. शिंपी म्हणायचा, "कौतुकराव, पोरीनं भिंतीशी संसार मांडलाय, जावयाला ओल फार आहे." कौतुकरावांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परदेशी जायला तेव्हा एक मोठी परीक्षा असायची. कॉम्प्युटरपुढं बसवायचे, घड्याळ लावायचे आणि दीड मिनिटात एक या हिशोबानं प्रश्न अंगावर सोडायचे. एकदा लेकीनं सरावाची परीक्षा दिली. चाळीस प्रश्नांतले तिनं नऊ सोडवले. नऊच्या नऊ बरोबर. उरलेले एकतीस तिनं बघितलेच नव्हते, कारण नववा प्रश्न तिला आवडला होता.

"आवडला म्हणजे?" कौतुकराव ओरडले. "तो काय शेजाऱ्याचा पोरगा आहे?"

"त्यात दोन उत्तरं बरोबर असू शकतात, बाबा. एक होतं कोणत्या अटीवर आणि दुसरं कोणत्या, ते बघत होते."

पुन्हा बसली, पुन्हा नऊ. तिसऱ्यांदा अकरा. सगळे म्हणाले, हिचं काही खरं नाही. मग अचानक बातमी आली की तिकडच्या काही विद्यापीठांनी परीक्षेची अटच काढून टाकली. घड्याळापुढं कोण किती पळतं यावरून माणूस कळत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. आता ते अर्ज वाचणार, केलेलं काम बघणार आणि शिफारसपत्रांवर भरवसा ठेवणार!

कौतुकरावांच्या दुकानापुढं लगीनघाई सुरू झाली. पूर्वी पत्र म्हणजे लोणच्याची फोड होती, आता तेच ताट झालं. ज्यांना परीक्षेत चाळीसांतले दहासुद्धा जमले नसते, ती पोरंही तिसऱ्या प्रतीत नटून रांगेनं उभी राहिली. हेडसरांची सही करून करून बोटं सुजली. परीक्षा न मागणारं एक मोठं विद्यापीठ होतं, त्यावर तर सगळ्यांचीच उडी पडली. आणि नेमकं त्याच विद्यापीठात, साऱ्या दुनियेत एकाच ठिकाणी असावं असं, भिंतींवरच्या शेवाळाचं खातं होतं. ते चालवणाऱ्या बाईंना लेकीनं आपल्या चौकटींविषयी लिहिलं होतं. बाईंचं उत्तर आलं होतं, अर्ज कर म्हणून. यंदा त्या एकच जागा भरणार होत्या. आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. बाकी बहुतेक ठिकाणी जायचं तर तीच परीक्षा, तेच घड्याळ, तेच नऊ प्रश्न.

लेक बापाला म्हणाली, "बाबा, एक मागू? माझं पत्र तुम्ही लिहू नका."

"का? माझ्या पत्रावर चारशे पोरं तिकडं पोचली!"

"म्हणूनच."

तिनं हेडसरांना गाठलं. भिंतीच्या कामाची दोन पानी टिपणं काढून दिली, आणि म्हणाली, "सर, एवढं वाचून तुम्हीच दोन ओळी लिहा." हेडसर म्हणाले, "हो हो, माझं कर्तव्यच आहे." ती गेल्यावर त्यांनी ती पानं घडी घालून शिपायाच्या हातात दिली आणि म्हणाले, "समोर दे. म्हणावं, लिहून आण."

अशी लेकीची टिपणं अर्ध्या तासात बापाच्या टेबलावर येऊन पडली.

आता इथं कौतुकरावांनी काय करावं? पानं परत पाठवता आली असती. निदान वाचता आली असती. त्यांनी पहिल्याच ओळीत 'शेवाळ' बघितलं आणि पानं कीबोर्डाखाली सरकवली. मनात म्हणाले, तिथं शेवाळाचं खातं असलं म्हणून काय झालं, एवढ्या मोठ्या ठिकाणी घरचं शेवाळ कशाला दाखवायचं? लोक हसतील. आपलं झाकलेलंच बरं. मग त्यांनी तिसरी प्रत काढली. पण लेकीच्या अंगावर गावभर फिरलेला कोट घालवेना. म्हणून त्यांनी त्या प्रतीवर आणखी एक मजला चढवला. हेडसरांच्या नावानं लिहिलं: "अशी विद्यार्थिनी मी एकतीस वर्षांत पाहिली नाही, आणि येत्या एकतीस वर्षांत होईल असंही वाटत नाही." बापाच्या मायेला सत्तावीस वर्षांत फुटलेला तो पहिला पाझर होता. तो दुसऱ्याच्या सहीनं गेला.

तीन आठवड्यांनी हेडसरांच्या नावे ईमेल आली. हेडसरांची ईमेल कौतुकरावच उघडायचे, त्यामुळे पहिला झटका त्यांनाच बसला. शेवाळवाल्या बाईंनीच लिहिलं होतं. आमच्या कचेरीनं माझ्या ध्यानात आणून दिलं, की यंदा आपल्या सहीची तेवीस पत्रं आली असून तेविसांच्या तेवीस विद्यार्थ्यांसारखा विद्यार्थी आपण एकतीस वर्षांत पाहिलेला नाही. एका विद्यार्थिनीबद्दल तर आपण भविष्याचीही हमी दिली आहे. तिचा अर्ज माझ्याकडे आहे. तिच्याविषयी आपल्याशी समोरासमोर बोलल्याशिवाय मला निर्णय घेता येणार नाही. गुरुवारी दुपारी कॉम्प्युटरवर भेटू.

कौतुकरावांनी ते तीनदा वाचलं. मग कीबोर्डाखालची पानं काढून घरी नेली आणि लेकीच्या पुढं ठेवली. लेकीनं पानांकडे बघितलं, बापाकडे बघितलं.

"तुम्हीच लिहिलंत."

"लिहिलं."

"यातलं एक अक्षर तरी घातलंत?"

"त्यात सगळं शेवाळच होतं गं..."

लेक पानं गोळा करायला लागली. बायको मात्र कपडे वाळत घालत होती, ती पिळलेलं धोतर पुन्हा पिळावं तशी बोलली, "जन्मात एकदा पोरीचं कौतुक केलंत, तेही असं, की तिच्या गळ्याला फास! त्यापेक्षा मुके होतात तेच बरं होतं हो."

गुरुवारी दुपारी हेडसरांच्या खोलीत कॉम्प्युटर लावला. हेडसरांनी धुतलेला शर्ट घातला होता. मुलीचा चेहराही त्यांना नीट आठवत नव्हता. म्हणून त्यांनी तोड काढली, की कौतुकरावांनी पडद्यात दिसणार नाही असं बाजूला स्टुलावर बसायचं आणि प्रश्न आला की मोठ्या अक्षरात उत्तर लिहून धरायचं. कौतुकरावांनी कोऱ्या कागदांची चळत मांडीवर घेतली. लेक बाहेर जिन्यात बसून होती.

पडद्यावर बाई आल्या. पांढरे कापलेले केस, नाकावर घसरलेला चष्मा, मागं कुंड्यांची रांग. बोलणं इंग्रजीतून सुरू झालं. बाईंनी हवापाण्याचं विचारलं आणि लगेच मुद्द्याला हात घातला.

"सर, या तेविसांतला सर्वांत चांगला कोण?"

हेडसरांनी बाजूला बघितलं. कौतुकरावांनी लिहून धरलं: ही.

"ही," हेडसर म्हणाले.

"तिला काम करताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?"

कागद वर झाला: रोज.

"रोज बघतो."

"कुठं?"

कागद: प्रयोगशाळेत.

"अर्थातच प्रयोगशाळेत," हेडसर आता रंगात आले होते. "सकाळी आली की संध्याकाळपर्यंत तिथून हलत नाही."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "तिनं अर्जात लिहिलंय, की कॉलेजनं तिला प्रयोगशाळेत जागा दिली नाही. ती सगळं काम वडिलांच्या दुकानामागच्या भिंतीवर करते."

कौतुकरावांच्या हातातला कागद हळूच खाली आला. हेडसरांनी आयुष्यात पहिल्यांदाच झटपट निर्णय घेतला. त्यांनी हात लांब करून कौतुकरावांची बाही धरली आणि त्यांना स्टुलासकट पडद्यात ओढलं.

"हे तिचे वडील. पत्र यांनी लिहिलंय. खरं सांगायचं तर सगळीच यांनी लिहिलीत. मी सही करतो."

जसं काही सही म्हणजे पोस्टाचा शिक्का!

बाई बघतच राहिल्या. "तेवीसच्या तेवीस तुम्ही लिहिलीत?"

सत्तावीस वर्षांत या धंद्याविषयी कुणी एवढ्या आस्थेनं विचारलं नव्हतं. कौतुकरावांचा ऊर नको त्या वेळी भरून आला. "यंदाची तेवीस, मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले. "एकूण चारशेच्या वर."

बाईंच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू होतं की राग, कळलं नाही. "ठीक आहे. मग आता मला या मुलीविषयी सांगा. त्या पत्रातला एकही शब्द न वापरता."

कौतुकरावांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. इंग्रजी त्यांच्याकडे खंडीभर होतं, पण सगळं स्तुतीचं. कष्टाळू गेलं, कुशाग्र गेलं, असामान्य गेलं. कोठाराला कुलूप लागलं, आणि बाहेर माणूस रिकाम्या हातानं उभा.

"आपल्या भाषेत बोला," हेडसर कुजबुजले. "मी सांगतो त्यांना."

आपल्या भाषेत कौतुकरावांकडे स्तुती नव्हतीच. आपल्या भाषेत होत्या त्या तक्रारी. त्याच आल्या.

"काय सांगू हिचं! अहो, हट्टी आहे कार्टी. दुकानाचा जागामालक म्हणाला, भिंतीला ओल आलीय, साफ करा. मी एका रविवारी तारेचा ब्रश घेतला आणि घासून काढली भिंत. चौदा महिन्यांचं तिचं ते मोजणं, मला काय ठाऊक? म्हटलं, आता रडेल, भांडेल. दुसरी असती तर डोक्यात ब्रश घातला असता. ही? दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी उठली, वही काढली आणि त्यात लिहिलं: 'चौकट एक ते बारा, घासल्या गेल्या. घासणारा: बाबा. साधन: तारेचा ब्रश. पुन्हा किती दिवसांत उगवतं ते पाहू.' बापाचं नाव लिहिलं हो वहीत! चोराचं लिहावं तसं! आणि वर हत्याराची नोंद!"

हेडसर भाषांतर करू लागले. "वडील म्हणतात, मुलगी फार चिकाटीची आहे."

"ते एवढा वेळ बोलले," बाई म्हणाल्या, "आणि तुम्ही एकच वाक्य सांगितलंत. सगळं सांगा. जसं आहे तसं."

हेडसरांनी नाइलाजानं सगळं सांगितलं, ब्रशासकट. बाई पुढं झुकल्या. "मग?"

"मग काय! महिन्यानं मला म्हणते, बाबा, आता सहाच चौकटी घासा, सहा तशाच ठेवा. आणि त्या दिवशी घासल्या तितक्याच जोरानं घासा. कमी नको, जास्त नको. मी म्हटलं, मी बाप आहे की हमाल? तर म्हणते, दोन्ही चालेल, पण जोर सारखा पाहिजे."

"मग घासल्या तुम्ही?"

"न घासून सांगतो कुणाला? दर महिन्याच्या पहिल्या रविवारी घासतो. ही शेजारी उभी राहून मोजते, वीस वेळा खाली, वीस वेळा वर. एकदा एकवीस झाले तर त्या महिन्यापुरती ती चौकटच बाद केली हिनं. महिनाभर माझ्याकडे असं बघायची, जसं काही मी घर जाळलं. आणि हेडसरांना सांगायला गेलं तर ते झोपलेले!"

हेडसरांनी शेवटचं वाक्य गाळलं. बाईंना ते बहुधा त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

बाईंनी अर्जाची पानं चाळली. "तिच्या टिपणात लिहिलंय, 'घासण्याचं काम एका विश्वासू सहायकानं केलं, जोर शेवटपर्यंत सारखा राहिला.' हे सहायक म्हणजे तुम्ही?"

"सहायक?" कौतुकरावांनी हेडसरांकडे बघितलं. हेडसरांनी शब्द पुन्हा सांगितला. विश्वासू. सारखा जोर. कौतुकरावांनी ते दोन्ही मनात तपासून बघितलं. तीन प्रतींतल्या कुठल्याच प्रतीत ते बसत नव्हतं.

"आभारी आहे," बाई म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

बाहेर लेक उठून उभी राहिली. "काय बोललात?"

"सगळं सांगितलं," कौतुकराव म्हणाले. "तुझा हट्ट, ती वही, ब्रश, एकविसावं घासणं. सगळं. घात झाला बघ. तोंड उघडलं की माझ्या तोंडून हेच येतं." मग म्हणाले, "मला सहायक म्हणून लिहिलंस?"

"मग काय लिहू? बाबा लिहिलं असतं तर भरवसा कुणी ठेवला असता?"

पुढचे पाच आठवडे घरात अशी शांतता होती, की एरवी बायको समजली असती, मीठ फार छान पडतंय. पण स्वैपाक कुणाच्या घशाखाली उतरत नव्हता आणि त्यावर कुणी काही म्हणतही नव्हतं.

मग उत्तर आलं. कौतुकरावांनी उघडलं नाही. लेकीला हाक मारली, शिंपीही गळ्यात टेप लटकवून मागोमाग आला. पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं, की लेकीला जागा दिली आहे. विभागप्रमुखांचं पत्र विचारात घेतलेलं नाही. वडिलांची तक्रार मात्र शब्दशः नोंदवून अर्जाला जोडली आहे. लेकीनं ते मोठ्यानं वाचलं आणि डोळे पुसून पुन्हा वाचलं.

"वा! बापाच्या शिव्यांवर पोरगी निघाली," शिंपी म्हणाला. "पुढचं वाच, पुढं काय आहे?"

दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की या महाविद्यालयाच्या शिफारसपत्रांवर विसंबता येत नसल्यामुळे पुढच्या वर्षापासून इथल्या प्रत्येक अर्जदारानं पूर्वीची प्रवेशपरीक्षा देणं बंधनकारक राहील. बाकीच्या जगाला सूट आहे.

शिंप्यानं टेप काढून हातात घेतला. "मी म्हटलं नव्हतं? सगळे कोट एका ओळीत टांगले त्यांनी. आता गावातल्या एकेका पोराचं माप निघणार, छातीसकट."

बातमी दुपारपर्यंत कॉलेजभर झाली. पोरं दुकानापुढं जमली. कुणी म्हणालं, स्वतःच्या पोरीला काढलं आणि मागून पूल जाळला. कुणी म्हणालं, सत्तावीस वर्षं खोटं लिहिलं तेव्हा काही झालं नाही, एकदा खरं बोलला आणि सगळ्यांना परीक्षा लावली. यात तसं काहीच खोटं नव्हतं. हेडसरांनी तर हात झटकले. म्हणाले, मी फक्त सही करत होतो. तेही खोटं नव्हतं. पण पोरांची जात व्यवहारी. आठवड्याभरात तीच पोरं परत रांगेत उभी राहिली. आता कौतुकराव सरावाच्या प्रश्नपत्रिका छापतात, चाळीस प्रश्नांची एक, आणि खाली ठळक अक्षरात सूचना: एखादा प्रश्न आवडला तरी त्यावर थांबू नये.

लेक गेली त्या दिवशी त्यांनी बॅग उचलून दिली. तिनं जाता जाता वही त्यांच्या हातात ठेवली. चौकटी मोजायचं काम अजून आठ महिने चालायचं होतं आणि भिंत काही बॅगेत मावत नव्हती.

पहिल्या रविवारी ते स्टूल घेऊन भिंतीपुढं बसले. भिंग डोळ्याला लावलं. शिंपी दारातून म्हणाला, "काय कौतुकराव, तुम्हीही लागलात भिंतीच्या नादाला?" त्यांनी हातानंच त्याला गप्प केलं. मोजणी चुकत होती. सहा चौकटी घासल्या, वीस खाली, वीस वर. मग आत येऊन लेकीला ईमेल लिहायला बसले. बोटं सवयीनं धावली: "सर्व बाराही चौकटींतील शेवाळाची वाढ अत्यंत समाधानकारक असून सहाव्या चौकटीतील शेवाळासारखं शेवाळ मी आजवर पाहिलेलं नाही."

दोन तासांत उत्तर आलं.

"बाबा, समाधानकारक म्हणजे किती?"

कौतुकरावांनी चष्मा पुसला, स्टूल उचललं आणि पुन्हा भिंतीकडे गेले.